जखम आहे तशी पाहणाऱ्या आमच्या बाई

सर्व मंडळींना जळकोटहून महेबूब पिंजारी याचा सलाम आणि नमस्कार.

आधी तब्येती. हदगावच्या कुसुमसिस्टर, तुमचा उजवा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? चाकूरचे माधवराव, टाचेची भेग भरली ना, की सोयाबीनच्या राशीवर पुन्हा अनवाणी फिरून राहिलात? लातूरच्या सुमनताई, तुमच्या आईंची पाठ कशी आहे? कूस बदलून देता ना वेळच्या वेळी? आणि संपादकसाहेब, माझं हे हस्ताक्षर लावता लावता तुमचे डोळे दुखायला लागले असतील, त्याची आधीच माफी मागतो. माझं विचाराल तर साखर थोडी वर गेली आहे, दोन दात खाली आले आहेत, बाकी अल्लाच्या मेहेरबानीनं ठीक.

गौरवग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, हे मला फोनवर सांगण्यात आलं होतं. पण ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या डॉ. उत्पला सोनवळे यांची रीत हीच आहे. जळकोट, हदगाव, चाकूर अशा ठिकाणी जखमा बांधणारी आम्ही माणसं मोबाइलवरच्या एका गटात रोज सकाळी फोटो टाकतो. तेव्हा बाई आधी बांधणाऱ्याची तब्येत विचारतात आणि मग जखमेची. "ज्याचा स्वतःचाच हात दुखतोय, त्यानं आज दुसऱ्याला बांधू नये," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मीही त्यांच्याच रीतीनं सुरुवात केली.

मी काही शिकला-सवरलेला माणूस नाही. सातवीनंतर शाळा सुटली. आमचं घर पिंजाऱ्याचं. वडील कापूस पिंजून गाद्या भरत, त्यामुळे कापूस चिमटीत धरला की तो किती पाणी पिईल हे मला लहानपणापासून कळायचं. पुढे सरकारी दवाखान्यात झाडलोट करायला लागलो. ड्रेसरसाहेब पट्टी बांधत तेव्हा दाराशी झाडू घेऊन उभा राहायचो आणि त्यांचे हात बघायचो. एकदा ते रजेवर गेले आणि माझी पाळी आली. तिथून सारी नोकरी पट्ट्या बांधण्यात गेली. निवृत्त झालो तरी लोक ओट्यावर येतातच. कुणी मामा म्हणतं, कुणी भाई. माझ्या हातची पट्टी सैल पडत नाही, सुटत नाही आणि दिसायला देखणी असते, हा माझा मोठा गर्व होता. होता, असं मी जाणूनबुजून लिहितो आहे. त्याचं कारण पुढे येईल.

बाईंची पहिली ओळख याच गर्वापायी झाली. मळणी यंत्रात पाय अडकलेल्या एका शेतमजुराला घेऊन मी जीपमधून लातूरला गेलो होतो. बाई तेव्हा नव्यानंच सर्जन झालेल्या. मूळच्या नांदेडच्या, बौद्ध घरातल्या. वडील कचेरीत शिपाई होते आणि मुलीनं डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलेलं. अंगानं किरकोळ, आवाज हळू. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोणी बांधली?"

आता बोलणी बसणार म्हणून मी नातेवाइकांच्या मागे सरकलो. नातेवाईक कसले, लगेच बाजूला झाले आणि मला पुढे ढकललं.

"मला अशी बांधता येत नाही," बाई म्हणाल्या. "सोडून पुन्हा बांधून दाखवता का?"

मी दाखवली. बरोबरचे दोन विद्यार्थी तोंड उघडं ठेवून बघत होते. माझी छाती फुगली. मग बाईंनी माझा अंगठा धरून त्या मजुराच्या पायाच्या नखावर टेकवला आणि दाबायला लावला. दाबून सोडलं तरी नख पांढरंच राहिलं. रक्त परत येईना.

"पट्टी फार देखणी आहे, मामा. फक्त घोट्यापाशी इतकी आवळलीय की बोटांना श्वास नाही. आता सैल करा आणि पुन्हा दाबा."

सैल केल्यावर नख गुलाबी झालं. विद्यार्थ्यांसमोर माझा पाणउतारा करणं त्यांना किती सोपं होतं! तसं न करता त्यांनी आधी माझा हुन्नर मानला आणि मग चूक माझ्याच अंगठ्याखाली दाखवली. त्या दिवसापासून पट्टी बांधली की मी नख दाबून बघतो. घरात बायकोचं बोट भाजलं तरी बघतो. ती म्हणते, "डॉक्टरीणबाईचं भूत हाय तुमच्यात."

मोबाइलवरून जखमा बघायचं बाईंच्या डोक्यात कसं आलं, हे पुष्कळ जण विचारतात. मी तिथं हजर होतो म्हणून सांगतो. आमच्याकडचा एक पेशंट दर दोन दिवसांनी पट्टीसाठी लातूरला जायचा. उदगीरपर्यंत एक बस, तिथून दुसरी. पायात जखम आणि बसमध्ये उभं राहायचं. एकदा बाईंनी त्याला विचारलं, "जखम मागच्या वेळेपेक्षा मोठी कशी?" तो म्हणाला, "बाई, पट्टी बदलायला येऊ येऊच ती वाढून राहिली." ओपीडीतली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, याची पट्टी तुम्ही जळकोटात करा. जखम घरीच राहू द्या. तिचा फोटो इकडे येऊ द्या."

तिथून हे काम सुरू झालं. मी ओट्यावर, कुसुमसिस्टर हदगावात, माधवराव चाकुरात. बाई लातुरात बसून एकेक फोटो बघत आणि सांगत: कड कुठं कापायची, कुठं हात लावायचा नाही, कुणाला आजच्या आज गाडीत बसवायचं. बिछान्यावर पडून पाठीला पडलेल्या जखमा, भाजलेले हात, साखरेच्या आजारानं बधिर झालेले पाय. ज्यांना लातूर लांब होतं, त्यांच्या दाराशी लातूर आलं.

जखम केवढी, हे फोटोत कळेना. कुणी शेजारी बांगडी ठेवी, कुणी चिंचोका. बाई म्हणाल्या, सगळ्यांकडे सारख्या मापाची असेल अशी एकच वस्तू ठेवा. मग काडीपेटी ठरली. आमचे एक म्हातारे पेशंट त्यावर म्हणाले, "विडी बंद कर म्हणत्यात अन् काडीपेटी आण म्हणत्यात. ह्या बाईच्या मनात हाय तरी काय?" हा निरोप मी आवाजाच्या संदेशात जसाच्या तसा पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "त्यांना सांगा, काड्या काढून घ्या आणि रिकामी पेटी द्या."

दुसरी गोष्ट शब्दांची. मला त्यांचे इंग्रजी शब्द यायचे नाहीत. मी आपला घरातल्या भाषेत सांगायचो. चांगलं मांस वर येऊ लागलं की डाळिंबाच्या दाण्यासारखं, पिवळट चिकट असेल तर दुधावरच्या सायीसारखं, मेलेलं असेल तर करपलेल्या भाकरीसारखं. मला वाटायचं, बाई मनात हसत असतील. एकदा लातूरला गेलो तर शिकणाऱ्या पोरी एकमेकींना सांगत होत्या, "साय आहे, डाळिंब नाही अजून." मी चकित झालो. बाईंनी माझे शब्द वर्गात शिकवायला घेतले होते आणि ते माझे आहेत हेही सांगितलं होतं.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. फोटो काढण्याआधी पेशंटला विचारायचं आणि चेहरा कधी घ्यायचा नाही. हदगावच्या एका लेकीची मांडी भाजली होती. नवऱ्याच्या मोबाइलवरून फोटो यायचे. दोन फोटो झाले आणि बाईंनी कुसुमसिस्टरांना फोन करून विचारलं, "तिला हे चालतं का?" सिस्टरांनी त्या पोरीला एकटीला गाठून विचारलं तर ती रडली. नवरा ते फोटो भावकीत दाखवून राहिला होता. बाईंनी दुसऱ्या दिवशीपासून सिस्टरांच्याच मोबाइलवर फोटो घ्यायला लावले आणि नवऱ्याला स्वतः फोन केला. काय बोलल्या ते ठाऊक नाही. एवढं कळलं, की त्यानं बायकोसमोर सगळे फोटो पुसून टाकले.

आता नरसाबाईंविषयी लिहितो. लेख लिहायला बसलो तो त्यासाठीच.

नरसाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. साखरेच्या आजारानं त्यांचे तळपाय बधिर झाले होते. एकदा चुलीतून निसटलेल्या निखाऱ्यावर पाय पडला. त्यांना कळलंच नाही. कातडं जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांनी आधी खिचडी हलवून बघितली, मग खाली बघितलं. करंगळीच्या खाली तळव्याला जखम झाली, चिघळली, पाय सुजला. कुण्या एका डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

नरसाबाईंची सून शोभा माझ्याकडे धावत आली. मी फोटो काढून बाईंना पाठवला. बाईंनी त्यांना एकदा लातूरला बोलावून पाय नीट तपासला, औषधं सुरू केली आणि स्पष्ट बोलल्या. "पाय वाचवायचा प्रयत्न करू. वाचेलच असं सांगत नाही. पण दोन गोष्टी पाहिजेत. या पायावर भार टाकायचा नाही आणि जखम मला रोज दिसली पाहिजे."

"भार न्हाई टाकायचा तर उभी कशी ऱ्हाऊ?" नरसाबाई म्हणाल्या. "लेकरं उपाशी घरी धाडू काय?"

"खिचडी शोभा करील. तुम्ही बाजेवर बसून तिला हुकूम सोडा."

"ती ऐकत न्हाई माझं."

"मग मोठ्यानं सोडा."

नरसाबाई हसल्या आणि बाईंचं त्यांनी ऐकलं. रोज सकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. पट्टी सोडायची, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, सुटलेली साय पुसून काढायची, पांढरं फडकं अंथरायचं, काडीपेटी ठेवायची आणि मग शोभाला सांगायचं, "हां, घे आता फोटो." फोटो असा यायचा की बघत राहावं. लाल, स्वच्छ, डाळिंबासारखा. बाई विचारत, "वास?" मी सांगे, "न्हाई." खोटं बोलत नव्हतो. धुतल्यावर वास नसायचाच. आणि सारी नोकरी ज्याची पुवात गेली, त्याच्या नाकाचा काय भरवसा? बाई लिहीत, "छान. असंच चालू ठेवा." मी तो संदेश नरसाबाईंना वाचून दाखवायचो. माझी छाती फुगायची.

सूज मात्र उतरेना. एका सकाळी मी घरी चहा घेत होतो. मोबाइल वाजला. गटात शोभाचा आवाज होता. तिला तो फक्त बाईंना पाठवायचा होता, पण पडला सगळ्यांत.

"बाई, मी शोभा, नरसाबाईची सून. मामा मोठी माणसं हायेत, त्यांच्या म्होरं बोलणं बरं दिसत न्हाई. पण पट्टी सोडताना जो वास येतो, तो फोटोत न्हाई. भिजलेल्या पेंडीवानी वास येतो. मामा आधी सगळं धुतात, पुसतात, मग फोटो काढ म्हणतात. अन् काल सासूबाईला थंडी वाजून आली. मला लई भेव वाटून राहिलंय."

मी कप खाली ठेवला. पुढच्याच क्षणी बाईंचा फोन आला. "मामा, आज पट्टीला हात लावू नका. मी निघते आहे."

दुपारपर्यंत त्या जळकोटात पोचल्या. नरसाबाईंच्या घरात जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, सोडायची तुम्हीच." मी सोडू लागलो. शेवटचा पदर निघाला तसा वास घरभर झाला. मला तो त्या दिवशी आला, पहिल्यांदा. बाईंनी करंगळीच्या वरच्या बाजूला हळूच दाबलं तर तळव्यातून पू आला. आत वाट धरून तो बोटांपर्यंत पोचला होता. वरचं डाळिंब नुसतं झाकण होतं.

नरसाबाई पायाकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "भाई, हे रोज निघत होतं?"

"थोडं थोडं. हाव."

"अन् तुमी धुऊन दाखवलं? पोरगी दाखवायला काढावी तसं माझं पाऊल नटवून दाखवलंत बाईला?"

बाईंनी त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं. मीही मागे बसलो.

करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाऊल राहिलं. बाई म्हणाल्या, आणखी चार दिवस गेले असते तर पाऊलही गेलं असतं आणि कदाचित माणूसही.

ऑपरेशननंतर मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाई आल्या आणि शेजारी बसल्या. पहिलं वाक्य, "मामा, जेवलात का?" मी म्हणालो, "बाई, मी आता हे काम सोडतो." त्या म्हणाल्या, "सोडायचं तर सोडा, अडवणार नाही. आधी एवढं सांगा, तुम्ही आधी धुवत का होतात?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. "घरात कुणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर आपण ओटा झाडतो, सडा घालतो. तुम्ही बघणार होता. घाण कशी दाखवायची तुम्हाला?"

बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोटो काढा, हे मी सांगितलं. धुण्याआधी काढा, हे सांगायचं मला सुचलंच नाही. जखमेवरून हात फिरवायची सवय असलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागतं. ही चूक आधी माझी आहे."

माझी समजूत काढायला म्हणत असतील असं मला वाटलं. पण त्या दिवशी त्यांनी गटात हेच सांगितलं, आपल्या नावानं, सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना ऐकू जाईल असं. शेवटी म्हणाल्या, "यापुढे आधी फोटो, मग पाणी. पट्टीला लागलेलं असेल तेही फोटोत हवं. आणि वास घरच्या माणसाला विचारायचा, बांधणाऱ्याला नाही. शोभा, तू बोललीस म्हणून हे कळलं. पुढेही अशीच बोल." थोड्या वेळानं हदगावहून कुसुमसिस्टरांचा संदेश आला, "बाई, मीपण धुऊनच काढत होते." मागोमाग माधवरावांचा, "मीपण." सिस्टर, तुमचा तो संदेश मी अजून पुसलेला नाही. त्या दिवशी तुम्ही मला मोठा आधार दिलात.

पुढे आफ्रिकेतल्या दोन नर्सबाई बाईंशी मोबाइलवर बोलायला आल्या. त्यांच्याकडेही दवाखाना लांब, रस्ता वाईट आणि हातात मोबाइल, आपल्यासारखंच. त्यांना हे काम शिकायचं होतं. बाईंनी मला लातूरला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, तुमची गोष्ट तुम्ही सांगा. मी मराठीत सांगितली, त्यांनी इंग्रजीत. ऐकून एक नर्सबाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, मग गंभीर झाल्या. बाई मला म्हणाल्या, "त्या सांगताहेत की त्यांच्याकडेही आधी धुतात." मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. इतक्या लांबच्या मुलखात माझ्याच जातीचा चुकणारा माणूस आहे, आणि माझी चूक ऐकून तिथल्या एखाद्याचा पाय वाचेल!

पण नरसाबाईंचं मन तसं वळणारं नव्हतं. लातूरहून घरी आल्यावर मी पट्टीला गेलो. त्यांनी पाय पदराखाली घेतला. "भाई, राग नगा मानू. तुमच्या हातानं आता नगं."

मी बाईंना कळवलं. वाटलं, त्या मध्यस्थी करतील, नरसाबाईंना दोन शब्द सांगतील. बाई म्हणाल्या, "त्यांचा पाय आहे. कुणी हात लावायचा ते त्याच ठरवतील." मला ते लागलं. मग त्या म्हणाल्या, "शोभाला शिकवू. मी मोबाइलवरून सांगेन. मोबाइल धरायला कुणी तरी स्थिर हाताचं लागेल, मामा."

तर असं सुरू झालं. मी दाराशी बसायचो, हात लांब करून मोबाइल धरायचो. शोभा पट्टी सोडायची, फोटो व्हायचा, मग धुवायची. बाई तिकडून सांगायच्या. शोभाची पहिली पट्टी पिशवीच्या तोंडासारखी झाली होती. माझे हात शिवशिवत. तोंड उघडणार तोच बाईंचा आवाज यायचा, "मामा, मोबाइल हलतोय." नरसाबाई पदराआड हसत. माझ्याशी बोलत मात्र नसत. घरी गेलो की बायको विचारी, "बोलल्या?" मी म्हणायचो, "न्हाई."

त्या दिवसांत बाईंनी मला वेगळं काही शिकवलं नाही. रोज फक्त जाताना विचारायच्या, "मामा, उद्या येणार ना?" रमजानात माझा उपास असायचा म्हणून त्यांनी सगळ्यांचीच फोटोची वेळ सकाळी लवकरची केली आणि कारण कुणाला सांगितलं नाही. मला उशिरा कळलं. एवढा मोठा दवाखाना सांभाळणारी बाई एका म्हाताऱ्यानं उद्याही मोबाइल धरायला जावं म्हणून रोज फोन ठेवण्याआधी थांबते, हे मी कुठं नोंदवू? इथंच नोंदवतो.

जखम काडीपेटीपेक्षा लहान झाली, मग काडीच्या गुलाएवढी झाली. नंतर एका सकाळी फोटोत नुसती नवी कातडी होती, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बाईंनी लिहिलं, "शोभा, हे तुझं काम आहे." शोभा रडली. नरसाबाई मऊ तळाची चप्पल घालून शाळेत जाऊ लागल्या. आता स्टुलावर बसून हुकूम सोडतात. खिचडी शोभाच करते आणि अजून त्यांचं ऐकत नाही.

या ग्रंथासाठी लिहा म्हणून मला निरोप आला, तेव्हा मी आधी नरसाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या पायाची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय लिहिली असती तर बाईंनी मला दारात उभं केलं नसतं. शोभा माहेरी गेली होती. नरसाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून विचारलं.

"काय लिवणार?" त्या म्हणाल्या.

"सगळं. माझी चूकसुद्धा."

"बोटं गेली ते?"

"हाव."

"बाईबद्दल काय लिवणार?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "लिवा, की बाईनं मला एक दिवसपण म्हणलं न्हाई, भाईला माफ कर म्हणून. म्हणली असती तर मी केलं नसतं."

मग त्यांनी सूप बाजूला सारलं. शोभा चार दिवस नव्हती, तळवा कुणी बघितला नव्हता. स्वतःला वाकून दिसत नाही. त्यांनी चप्पल काढली आणि तो पाय उंबऱ्यावर माझ्यापुढे ठेवला.

मी खाली बसलो. टाच हातात घेतली. तीन बोटांची नखं एकेक करून दाबली. तिन्ही गुलाबी झाली.

"असं फुलावानी काय धरून राहिलात?" नरसाबाई म्हणाल्या. "धरा नीट. मी काय मेले न्हाई अजून."

बाई, हे मी तुम्हाला त्या वेळी कळवलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं झालं, मामा" म्हणून पुढच्या पेशंटकडे वळला असता, आणि तेच योग्य झालं असतं. म्हणून ते या ग्रंथासाठी राखून ठेवलं. तुमच्या साठीला मी शाल आणणार नाही, तुम्हाला शालींचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे द्यायला हे एवढंच आहे.

आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. गुडघे, डोळे, कान सगळं शाबूत राहो. साखर वेळेत तपासून घ्या, जेवण टाळू नका आणि दिवसभर उभं राहून शिकवता तेव्हा मधे मधे बसत जा; हे आम्ही सगळे गटात बोलतो, तुमच्यासमोर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितो. आपण शिकवलेल्या पोरीबाळी गावोगाव पसरोत आणि आपल्याला त्यांच्याकडून नुसत्या भरलेल्या जखमांचे फोटो येवोत.

आणि मंडळी, ग्रंथ हातात पडला की तो कपाटात ठेवून देऊ नका. आपली तब्येत कशी आहे, तुमच्या गावात कुणाचा पाय बरा झाला, कुणाचा राहिला, हे मला दोन ओळींत कळवा. अक्षर कसंही असू द्या, मला वाचता येतं. नरसाबाईंनाही वाचून दाखवीन; त्या रोज विचारतात, कुणाचं आलं काय म्हणून. तेव्हा वाट बघायला लावू नका. लवकर लिहा.

आपला,
महेबूब पिंजारी
जळकोट